किंकाळी कुणाची धरायची?

वैधानिक सूचना. या कथेत एकही माणूस मरत नाही. सासूबाई तर मुळीच नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण वेळेवर न सांगितल्याचा परिणाम आमच्या कॉलनीनं नुकताच भोगलेला आहे. शेवट आधी कळलेला ज्यांना आवडत नाही, त्यांनी आमच्या बन्सीधररावांच्या शेजारी बसून एकदा सिनेमा पाहावा. मग माझी सूचना गोड वाटेल.

तर, ओटा.

परभणीत आमच्या कॉलनीत माणिकरावांच्या फाटकाबाहेर सिमेंटचा एक ओटा आहे. संध्याकाळी आम्ही तिथं बसतो आणि मतं देतो. माणिकराव महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे ते मत देत नाहीत, निकाल देतात. बन्सीधरराव शाळेत गणित शिकवतात आणि घरी खुनी शोधतात. माणिकरावांच्या मंडळी चंदाताई फाटकाच्या आत शेंगा निवडत बसतात. त्या आत असतात, पण त्यांचं मत फाटकातून बाहेर येतं. आणि मी, आदिनाथ. एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. दिवसभर दुसऱ्यांची मतं साहेबांपुढं ठेवणं हे माझं काम. माझं स्वतःचं मत ठेवायला मला जगात ही एवढीच साडेचार फुटांची जागा आहे. हे लक्षात असू द्या. पुढं जे काही झालं ते या साडेचार फुटांसाठी झालं.

हल्ली सिनेमाचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. मोबाइलवर एकामागून एक इतके भीतीचे आणि खुनाचे सिनेमे येऊन पडतात की आम्ही त्यांना खुणेनं ओळखतो. लिफ्टचा. बाहुलीचा. विहिरीचा. आणि तो डॉक्टरचा, ज्यात डॉक्टर हा डॉक्टरच नसतो.

"लिफ्टचा पाहिला," माणिकराव म्हणाले. "बिलकुल भीती वाटली नाही. आपल्या कॉलनीत लिफ्ट आहे का? नाही. म्हणजे आपल्याला लागू नाही."

"मी बाहुलीचा पाहिला," फाटकाच्या आतून चंदाताई म्हणाल्या. "आवाज बंद करून. आवाज बंद केला ना, की भूत नुसतं जांभया द्यायलंय असं वाटतं. मलाच झोप आली."

"डॉक्टरवाल्यात खुनी माळी आहे," बन्सीधरराव म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "मी नावं पडद्यावर यायच्या आत ओळखला. एवढा मोठा नट, आणि त्याला काम काय, तर कुंड्यांना पाणी घालायचं? निर्माता एवढा पैसा कुंड्यांसाठी ओततो का?"

मी तो सिनेमा अर्ध्यावर थांबवून ओट्यावर आलो होतो. उरलेला अर्धा आजतागायत पाहिलेला नाही. तरीही शांतपणे मी माझं मत मांडलं. म्हटलं, दोष सिनेमाचा नाही, पाहण्याचा आहे. चार बोटांचं भूत हातात धरून, दिवा लावून, वर दूध उतू जातंय का ते बघत पाहिलं, तर त्या भुतानं तरी काय करावं? भीती ही एकत्र बसून, अंधारात, मोठ्या पडद्यावर...

"नुसत्या गप्पा," माणिकराव म्हणाले. "दाखवा मोठ्या पडद्यावर. एक जरी माणूस ओरडला तर आपण मान्य करू. नाही ओरडला तर आदिनाथराव, या ओट्यावर यापुढं तुम्ही मत द्यायचं नाही. सिनेमावर नाही, पावसावर नाही, तुरीच्या भावावर नाही. बसायचं, ऐकायचं, जायचं."

आतून शेंगांचा आवाज थांबला. एखाद्याला वाळीत टाकताना पूर्वी अशीच शांतता होत असावी.

"मान्य," मी म्हणालो. घरी येऊन साधनाला सांगितलं. माझी बायको शाळेत शिकवते. कोणत्या मुलाला हातपाय मारू द्यायचे आणि कोणाला वेळीच बाहेर काढायचं, हे तिला कळतं. तिनं मला हातपाय मारू दिले.

परवानगी

कॉलनीलगतची मोकळी जागा वापरायची तर परवानगी लागते. कुठल्या कार्यालयाची ते सांगत नाही. मलाही नोकरी आहे. तिथल्या टेबलावरच्या गृहस्थांनी माझा अर्ज दोनदा वाचला.

"सिनेमा कशाचा?"

"भुताचा."

"आरडाओरडा होईल का?"

"व्हावा अशीच अपेक्षा आहे."

"मग शांतताभंग होतो. परवानगी देता येत नाही."

"आणि नाही झाला तर?"

"मग कार्यक्रम फसला म्हणायचा. फसणाऱ्या कार्यक्रमाला जागा कशी द्यायची?"

मी स्वतः लिपिक आहे. असा चोख युक्तिवाद ऐकला की मला राग येण्याऐवजी भरून येतं. शेवटी 'माफक आरडाओरडा' असा शब्द आम्ही दोघांनी मिळून काढला. त्यावर ते म्हणाले, माफक म्हणजे केवढा? नमुना दाखवा.

(इथला प्रसंग कापला आहे.)

परवानगी मिळाली. त्या मजल्यावरचे लोक मला आजही ओळखतात.

कोणता सिनेमा?

यावर कॉलनीत इतकी मतं आली की भुतं कमी पडली. एकीनं सुचवलं, भुताचा लावा पण भूत नसलेला, आमच्याकडं लहान पोरं आहेत. एकानं सुचवलं, खुनाचा लावा पण खून जेवणानंतर ठेवा. बन्सीधररावांनी सांगितलं की कोणताही लावा, खुनी कोण ते मी तुम्हाला आधी येऊन सांगून जातो.

शेवटी मी चुडाव्याला सासूबाईंना फोन लावला. कस्तुराबाईंएवढे भीतीचे सिनेमे आमच्या नात्यात कुणी पाहिलेले नाहीत. सत्तरी ओलांडलेली बाई, पण कुठलं भूत कोणत्या दरवाज्यातून येतं हे त्यांना पाठ.

"विहिरीचा लावा, जावाई," त्या म्हणाल्या. "लय भारी हाय. म्या दोनदा पाह्यला. येकदा डोळे उघडे ठिवून अन् येकदा मिटून."

"मिटून कसा पाहिला?"

"आवाजावून समदं कळतंय. बाई विहिरीतून वर येती ना, त्याच्या आधी रहाट तीनदा करकरतंय. तवा नका भिऊ. रहाट थांबला की मग भ्या." मग जरा थांबून त्यांनी वेगळ्याच आवाजात विचारलं, "तुमच्याकडं परभणीत कावळे लय हायेत का हो?"

मी म्हटलं, या सिनेमात कावळे आहेत हे मला माहीत नव्हतं.

"न्हाई, सिनेमात न्हाई. असंच. मी येते शनवारी दुपारच्या गाडीनं. सिनेमा बघाया." फोन ठेवताना त्यांनी नेहमीसारखं माणिकरावांना उद्देशून 'त्या मंडळ अधिकाऱ्याला सांगा पत्ते पिसून ठेव' असं म्हटलं नाही. एरवी त्या आल्या की मेंढीकोटचा डाव बसतो, आणि त्या उघडउघड चोरून माणिकरावांना हरवतात. मला चुकल्यासारखं वाटलं, पण माझ्या डोक्यात पडदा होता.

पडदा

प्रोजेक्टर मंडपवाल्यानं दिला. पडदा त्याच्याकडं नव्हता. तो म्हणाला, पांढरं कापड आणा, बांबूची चौकट बांधा, सुतळीनं ताणा, झालं.

आता शनिवारी दुपारी परभणीच्या बाजारात साधं, पांढरं, बिनछापाचं, रुंद कापड मागून पाहा. मला फुलाचं दाखवलं, चौकड्याचं दाखवलं, चंदेरी काठाचं दाखवलं. एकानं पांढऱ्यावर पांढरे मोर असलेलं दाखवून शपथेवर सांगितलं की लांबून दिसत नाहीत. शेवटी एक जण हळू आवाजात म्हणाला, "नुसतं पांढरं पाहिजे असंल तर मागच्या गल्लीत भुजंगकडं जा. बांबू, सुतळी, समदं एका ठिकाणी भेटंल."

समदं एका ठिकाणी! भुजंगच्या दुकानावरची पाटी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सआड गेली होती, ती मी वाचली नाही. एवढीच माझी चूक. बाकी सगळं इतरांनी केलं.

भुजंग गंभीर, मऊ बोलणारा माणूस. मी बांबू, सुतळी आणि मांजरपाट म्हटल्याबरोबर तो स्टुलावरून उठून उभा राहिला. एवढा मान मला एकाही दुकानात मिळालेला नाही.

"कुणासाठी म्हणायचं, साहेब?"

"खरं सांगू का, सासूबाईंसाठी. त्या नसत्या तर मी एवढा खटाटोप केलाच नसता."

"असा जावाई नशिबानं मिळतो. कुठून आणायच्यात?"

"चुडाव्याहून. निघाल्यात गाडीनं. बायको स्टेशनवर घ्यायला जाणार आहे."

भुजंगनं एक सुस्कारा टाकला. "मापाला अंदाज द्या. उंची?"

"उंचीपेक्षा रुंदी दुप्पट लागते."

त्यानं आदरानं मान हलवली आणि कापड जास्तीचं फाडलं. मी भावात घासाघीस सुरू केली तर हात जोडून म्हणाला, "आजच्या दिवशी नगं, साहेब. तुमाला जे द्यावं वाटंल ते द्या." वर एक नवंकोरं मडकं आणून ठेवलं. "हे संगं देतोच आमी." उन्हाळ्याची काही योजना असेल असं मला वाटलं. मी खूश होऊन म्हटलं, "बरं येतो! पुन्हा लागलं की तुमच्याकडंच येणार!"

भुजंगनं कानांना हात लावले. "असं बोलू नये, साहेब. आमच्या दुकानातून जाताना येतो म्हणू नये."

विक्षिप्त माणूस, असं म्हणून मी रिक्षावर बांबू बांधायला लागलो. भुजंगचा मुलगा बन्सीधररावांच्या वर्गात शिकतो आणि त्यांचा नंबर भुजंगकडे आहे, हे मला नंतर कळलं.

बन्सीधररावांनी उकललेलं रहस्य

(या वेळी मी रिक्षात होतो. हा भाग चंदाताईंच्या सांगण्यावरून.)

भुजंगचा फोन येताच बन्सीधरराव ओट्यावर उभे राहिले. जन्मभर त्यांनी पडद्यावरची कोडी सोडवली होती. खरं कोडं पहिल्यांदाच हाताला लागलं होतं. त्यांनी पुरावे मांडले. एक तर आदिनाथरावांनी मर्तिकाचं सामान घेतलं, मडक्यासकट. दुसरं, साधनावहिनी मघाशी डोळे पुसत घाईनं रिक्षात बसल्या. (साधना सिनेमाला येणाऱ्यांच्या भज्यांसाठी कांदे चिरून उठली होती.) "आणि मुख्य म्हणजे," ते म्हणाले, "या सगळ्या गोष्टीत जिचं नाव गेले आठ दिवस कुणी फारसं घेतलं नाही, ती व्यक्ती कोण?"

"कस्तुराबाई!" चंदाताई ओरडल्या.

"गाडीतच गेल्या असणार," बन्सीधरराव म्हणाले आणि खाली बसले. नावं पडद्यावर यायच्या आत.

साधनाला फोन करावा असं कुणीतरी सुचवलं. पण अशा वेळी माणसाला फोन करून विचारतात का? इतकी सभ्य कॉलनी आहे आमची. सभ्यपणामुळेच मेलो. म्हणजे, मेलं कुणी नाही. सूचना वर दिलेली आहे.

मी घरी येतो

कॉलनीत शिरलो तर माझ्या दारासमोर वीस-पंचवीस माणसं. पुरुषांच्या खांद्यावर पंचे, बायकांच्या डोक्यावर पदर, आणि कुणी बोलत नव्हतं. शो सातला आणि लोक पाचला हजर! माझा ऊर भरून आला. माझे डोळे ओले झालेले पाहून सगळ्यांनी खाली पाहिलं.

रिक्षा थांबताच चौघांनी बांबू उतरवले आणि माझ्या परवानगीच्या मोकळ्या जागेत न सांगता बांधायला घेतले. पण आकार चुकत होता.

"अहो, एवढं अरुंद नको," मी म्हटलं. "कडा सगळ्या बाहेर जातील."

माणिकरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धरा, आदिनाथराव."

"धीर तुम्ही धरा," मी म्हटलं. "सात वाजू द्या, मग बघू कोण कोण ओरडतंय."

बायकांत कुणीतरी हुंदका दिला. मी मडकं नळाखाली भरलं, मधोमध ठेवलं आणि आवाज दिला, "घ्या, गार आहे, संकोच करू नका." एकही माणूस जवळ आला नाही. उलट थोडे मागं सरकले.

"आदिनाथराव," माणिकराव खाली बघत म्हणाले. "त्या दिवशी मी जरा जास्त बोललो. पैज-बिज गेली खड्ड्यात. तुम्ही बोलत जा. आत्ताच बोला. मनात काही ठेवू नका."

वाचकहो, मी बोललो. जमिनीवर मांडी घालून बसलेली माझी सगळी कॉलनी, पुढ्यात मडकं, आणि मी. अर्धा तास. कुणी मध्ये तोडलं नाही, कुणी 'नुसत्या गप्पा' म्हटलं नाही, बन्सीधररावांनी शेवट सांगितला नाही. म्हटलं, हल्लीचे दिग्दर्शक भुताला पांढरे डोळे देतात, लांब नखं देतात, इथंच चुकतात. खरं भय नखांत नसतं. खरं भय म्हणजे गेलेलं माणूस दिवेलागणीला, नेहमीच्या लुगड्यात, नेहमीच्या आवाजात दारात येऊन उभं राहतं आणि विचारतं...

"माझ्यावाचून सुरू केलं व्हय?"

वळून पाहिलं तर कॉलनीच्या फाटकात सासूबाई. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात हिरव्या चिंचांचा घोस. मागं साधना रिक्षावाल्याला पैसे देत होती. गाडी उशिरा आली होती, एवढंच.

त्यानंतरचं नीट सांगता येत नाही, कारण सगळं एकदम झालं. बन्सीधरराव विजेच्या खांबाला मिठी मारून उभे होते. बायकांचा घोळका माझ्याच घरात शिरला आणि आतून कडी लागली. आणि या सगळ्याच्या वर, इंजिनाच्या शिट्टीसारखी, लांब, स्वच्छ, एकाच श्वासातली किंकाळी. माणिकराव. हातातल्या मांजरपाटासकट ते मागं पळाले, कापड डोक्यावरून आलं, आणि मोकळ्या जागेत एक पांढरी उंच आकृती ओरडत गोल गोल धावू लागली. तिला पाहून सासूबाई ओरडल्या, "आगं बया, भूत!"

मध्यंतर

मध्यंतरात खाणं असतं. चंदाताईंनी सुतकाच्या घरी चूल पेटायला नको म्हणून पिठलं-भाकरी करून आणली होती, टोपलीभर. उलगडा झाल्यावर ती कुणी परत न्यायची यावर अडलं, तेव्हा सासूबाईंनीच भाकरी मोडली. स्वतःच्या दुखवट्याचं पिठलं खाणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

"लसूण कमी पडला, चंदाबाई."

"घाईत केलं हो," चंदाताई म्हणाल्या. "तुम्ही फार चांगल्या होत्या."

"होत्या कामून? आता म्हण की."

मी माणिकरावांना बाजूला घेतलं. "ओरडलात. पैज मी जिंकली."

"सिनेमा सुरू नव्हता," माणिकराव म्हणाले. मांजरपाट अजून गळ्यात होतं.

"तुम्ही तर पैज खड्ड्यात घातली होती!"

"ती सूट दुःखद प्रसंगामुळे दिली होती. प्रसंग रद्द, सूट रद्द."

आम्ही असे हमरीतुमरीवर आलेलो असताना सासूबाईंनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मला येक सांगा. मी मेले म्हणून रडलं कोण कोण?"

कावळा

सोमवारी सकाळी चुडाव्याला अंगणात धान्य पाखडताना कावळा सासूबाईंच्या डोक्याला शिवून गेला होता. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी : कावळा डोक्याला शिवला की मरण जवळ आलं असं जुनी माणसं मानतात. त्यावर उपायही जुनाच. आपण मेल्याची खोटी खबर नातेवाइकांना धाडायची. कुणाच्या तरी डोळ्यातून खरं पाणी आलं की मरण झालं असं धरतात, आणि कावळ्याचं देणं फिटतं.

"पण आता खबर धाडावी कशी?" सासूबाई म्हणाल्या. "फोन करून कसं सांगू, मी मेले म्हणून? आवाज तर माझाच जाईन. ग्रुपवर टाकावं तर लोक हात जोडल्याली चित्रं धाडतेत, रडत कुणी न्हाई. तवापासून झोप न्हाई मला. पोरीच्या घरी तरी असावं म्हणून आले. सिनेमाचं निमित्त."

पिठल्याची टोपली मध्ये होती आणि कुणी हात घालत नव्हतं. विहिरीतल्या बाईला डोळे मिटून पाहणारी ही बाई एका कावळ्यानं पिंजून काढली होती. साधनानं आईचा हात हातात घेतला. "मी रडले ना," ती म्हणाली.

"तू कांद्यानं रडलीस. मला रिक्षातच सांगितलंस."

"मला वेळच नाही मिळाला हो," चंदाताई ओशाळून म्हणाल्या. "भाकऱ्या थापत होते. हुंदका दिला, पण पाणी नाही आलं." बन्सीधरराव उकल करण्यात गुंतले होते. मी भाषणात. एक-एक करत सगळ्यांनी मान खाली घातली. सासूबाईंचा चेहरा उतरत चालला.

"माणिकराव रडले," बन्सीधरराव अचानक म्हणाले. "सुतळीची गाठ मारताना. मी पाहिलं. 'आता मेंढीकोटला भिडू कोण' असं पुटपुटले आणि कापडाला डोळे पुसले."

"धूळ गेली होती," माणिकराव म्हणाले.

सासूबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या.  

माणिकरावांनी मला बांबूंच्या मागं ओढलं. "ऐका. मी रडलो, हे सगळ्यांसमोर कबूल करतो. पण मग ओरडलो नाही. दोन्ही एका दिवसात मी पदरात घेणार नाही. मंडळ अधिकारी होतो, आदिनाथराव. माणूस एकाच संध्याकाळी रडला आणि ओरडला, तर त्याच्याकडं उरतं काय?"

मला समोर ओटा दिसत होता. साडेचार फूट. बसायचं, ऐकायचं, जायचं. पाऊस पडणार, तुरीचा भाव पडणार, नवे सिनेमे येणार, आणि मी तोंडात सुपारी धरून बसणार.

मी पुढं आलो आणि म्हणालो, "मघाशी कुणीही ओरडलं नाही. माझी पैज अजून उभी आहे."

माणिकरावांनी घसा खाकरला. "कस्तुराबाई, मी रडलो. पाणी खरं होतं."

सासूबाईंनी डोळे मिटून वर हात जोडले. मग डोळे उघडून म्हणाल्या, "किती रडला?"

"पुरेसं," माणिकराव म्हणाले. "आता पुरे."

मुख्य चित्रपट

सिनेमा झाला. चौकट अरुंदच राहिली, त्यामुळे चित्राचा मधला भाग कापडावर आणि दोन्ही कडा मागच्या बाभळीवर पडत होत्या. विहिरीतल्या बाईचं तोंड पडद्यावर आणि हात बाभळीवर. लोक भजी खात, हसत पाहत होते. बन्सीधररावांनी सांगितलं की बाईला विहिरीत ढकलणारा पोस्टमन आहे. बरोबर निघालं.

एकही माणूस ओरडेना. मी पुढच्या ओळीत बसून मनातल्या मनात ओट्याचा निरोप घेत होतो. शेवटचा मोठा प्रसंग आला. रहाट करकरला. एकदा. दोनदा. शेंगा निवडल्याचा आवाज. चंदाताई सिनेमालाही शेंगा घेऊन आल्या होत्या. तिसऱ्यांदा. रहाट थांबला.

(इथला प्रसंग मी कापला होता. पण मग कथेला शेवट राहत नाही. ठेवतो.)

माझ्या मानेवर, कॉलरच्या आत, एक बर्फासारखा गार, ओला हात पडला.

मी जी किंकाळी फोडली, तिच्यापुढं माणिकरावांची शिट्टी म्हणजे जांभई. त्या कार्यालयात दाखवलेला नमुना तर माफकसुद्धा नव्हता. प्रोजेक्टर हलला, बाई पडद्यावरून बाभळीवर गेली, तीन गल्ल्यांतली कुत्री भुंकू लागली.

दिवे लागले. माझ्या मागं सासूबाई बसल्या होत्या. पुढ्यात भुजंगचं मडकं, आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत ओला.

"बन्सीधर," त्यांनी शांतपणे विचारलं, "पैजेचं बोलणं काय व्हतं?"

"एक जरी माणूस ओरडला तर," बन्सीधरराव म्हणाले.

"मग जावाई माणूस न्हाईत का?"

"आई, विचार करावा लागेल," साधना म्हणाली.

सगळे माणिकरावांकडं पाहू लागले.  त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, त्याची घडी केली. "माणूस आहेत," त्यांनी निकाल दिला. "किंकाळी धरावी."

टाळ्या झाल्या. मी उठून मान झटकत होतो, तेव्हा सासूबाई वाकून कानात म्हणाल्या, "बोला आता, जावाई. तुमाला गप बसवलं नसतं. डोळे मिटून पाह्यल्याचा ह्योच फायदा, कवा हात घालायचा ते कळतंय." त्या रात्री त्या आडव्या पडल्या आणि दोन मिनिटांत घोरू लागल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर माझ्यासाठी जागा राखून ठेवली होती. सासूबाई आणि माणिकराव पत्ते पिसत होते. मी बसलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "माझ्या मते, विहिरीच्या त्या सिनेमाचा मुख्य दोष..."

समोरच्या तारेवर एक कावळा येऊन बसला.

माणिकरावांनी पत्ते खाली न ठेवता डोक्यावर रुमाल ओढला. बन्सीधररावांनी पाऊस नसताना छत्री उघडली. फाटकाच्या आत शेंगांचं सूप चंदाताईंच्या डोक्यावर गेलं, शेंगांसकट. लिफ्टच्या, बाहुलीच्या, विहिरीच्या, कुठल्याच भुताला न भिणारा आमचा अख्खा ओटा वर बघत गप्प बसला होता. सासूबाई तेवढ्या उघड्या डोक्यानं बसल्या होत्या आणि त्या गडबडीत माणिकरावांचा एक्का चोरत होत्या.

मी माझं मत मात्र पूर्ण केलं. दोन्ही हात डोक्यावर धरून.